जाळ्याबाहेरचा व्यवहार



व्याख्यानमालेच्या चालकांनी विषय विचारला, तेव्हा मी ‘कूटचलन’ असे सांगितले. चिटणीसांनी ताबडतोब विचारले, “दाण्याचे कूट ठाऊक आहे, हे कसले कूट?” प्रश्न विनोदाचा असला तरी रास्त होता. ज्याला इंग्रजी वर्तमानपत्रे क्रिप्टोकरन्सी म्हणतात आणि ज्यातील सर्वांत जुने व प्रसिद्ध चलन म्हणजे बिटकॉइन, त्याविषयी मला आज बोलावयाचे आहे. परंतु त्याचा भाव चढेल की उतरेल, ते घ्यावे की घेऊ नये, हा माझा विषय नव्हे. माझा विषय त्याहून लहान आणि, माझ्या मते, अधिक उपयोगाचा आहे. हे चलन इंटरनेटवर चालते असे आपण ऐकतो. मग इंटरनेट नसेल तेव्हा त्याचा व्यवहार कागदावर उतरवून पेटीत ठेवता येईल काय? तो टपालाने, रेडिओने, माणसाच्या खिशातून दुसरीकडे नेता येईल काय? आणि नेता आला, तर त्या कागदाला पैसा म्हणावे काय?

हा प्रश्न मला पुस्तकातून सुचला नाही. माझ्या परिचयाच्या एका निवृत्त गृहस्थांनी तो माझ्यापुढे आणून ठेवला. त्यांचा मुलगा परदेशी असतो. गेल्या खेपेस तो आला तेव्हा त्याने वडिलांच्या हाती एक लिफाफा दिला आणि सांगितले, “बाबा, यात दोन कागद आहेत. माझे काही बरेवाईट झालेच, तर एक वर्षानंतर हे उपयोगी पडतील. जपून ठेवा.” पहिल्या कागदावर बारा साधे इंग्रजी शब्द ओळीने लिहिलेले होते. दुसऱ्यावर काळ्यापांढऱ्या ठिपक्यांचा एक चौकोन होता. भाजीवाल्याच्या गाडीवर असतो तसाच, पण पुष्कळ दाट. गृहस्थ मोठे व्यवस्थित. त्यांनी विचार केला की, शब्द तर कोणालाही वाचता येण्यासारखे आहेत, त्यात गुपित ते काय असणार! म्हणून त्यांनी बाजारातल्या दुकानात त्या कागदाच्या चार झेरॉक्स काढल्या आणि एकेक प्रत लेकीसुनांना वाटली. चौकोन मात्र गूढ दिसला. तो त्यांनी बँकेच्या लॉकरमध्ये, घराच्या खरेदीखताशेजारी ठेवला.

श्रोतेहो, हे नेमके उलटे झाले होते. ते उलटे कसे, एवढे जर मी आज आपणांस नीट सांगू शकलो, तर माझे काम झाले.

प्रथम हे चलन म्हणजे काय ते थोडक्यात पाहू. ३१ ऑक्टोबर २००८ रोजी सातोशी नाकामोतो हे नाव धारण करणाऱ्या कोणा एकाने नऊ पानांचा एक निबंध प्रसिद्ध केला आणि ३ जानेवारी २००९ रोजी बिटकॉइनच्या वहीचे पहिले पान लिहिले गेले. मी ‘वही’ हा शब्द मुद्दाम वापरला. बिटकॉइन नावाचे नाणे कोठेही नसते. असते ती फक्त एक जमाखर्चाची वही. तिची हुबेहूब प्रत जगभरच्या हजारो संगणकांवर ठेवलेली असते आणि सरासरी दर दहा मिनिटांनी तिला एक नवे पान जोडले जाते. या पानाला ब्लॉक म्हणतात. अमुक रक्कम अमुक खात्यावर आहे, एवढीच या चलनाची मालमत्ता. बाकी सारा भास आहे.

या वहीतील रक्कम दुसऱ्याला द्यावयाची म्हणजे काय करावयाचे? एक चिठ्ठी लिहावयाची. तिच्यात साधारण तीन गोष्टी असतात. पूर्वी वहीच्या अमुक नोंदीने मला मिळालेली रक्कम मी आता देत आहे, ही पहिली. ती तमुक खात्यावर इतकी जावी, ही दुसरी. आणि खाली माझी सही, ही तिसरी. ही सही शाईची नसून गणिताची असते. प्रत्येक खात्याची एक गुप्त किल्ली असते, म्हणजे एक प्रचंड मोठी संख्या. त्या संख्येवाचून ती सही करता येत नाही. परंतु केलेली सही खरी आहे की नाही हे मात्र कोणालाही, किल्ली न पाहता, तपासता येते. आणखी एक विशेष आहे. आपली हाताची सही प्रत्येक कागदावर सारखीच असते, म्हणून कोरा चेक धोक्याचा. गणिताची सही चिठ्ठीतल्या मजकुराशी बांधलेली असते. वाटेत कोणी रकमेतील एक आकडा किंवा घेणाऱ्याच्या खात्यातील एक अक्षर बदलले, तर सही खोटी ठरते.

आता आपल्या लक्षात येईल की, या चिठ्ठीला इंटरनेटची गरज लिहिताना पडत नाही, सही करताना पडत नाही आणि वाहून नेतानाही पडत नाही. गरज पडते ती फक्त शेवटी, वहीत नोंद करून घेण्यासाठी. एक साधी चिठ्ठी केवढी असते म्हणाल, तर जुन्या पद्धतीच्या व्यवहाराची सुमारे २२६ बाइट. अक्षरांत उतरवली तर ४५२ अक्षरे. मोबाईलच्या जोडसंदेशातील एका तुकड्यात १५३ अक्षरे मावतात. म्हणजे तीन संदेशांत एक व्यवहार बसतो. चिकाटी असेल तर ती पोस्टकार्डावर हाताने लिहिता येईल. चौकोनात छापली तर तळहातावर मावेल. आणि चिठ्ठीतल्या मजकुराला सहीचे कुलूप असल्यामुळे ती पोस्टमनने वाचली, संदेशवाहकाने वाचली, तरी तिच्यातले पैसे त्याला स्वतःकडे वळवता येणार नाहीत. फार तर तो ती फाडून टाकील. तेवढ्यासाठी दुसरी प्रत दुसऱ्या वाटेने पाठवावी.

आपल्या हुंडीची येथे आठवण होते. हुंडी हरवली तर पेढीवाला तिची दुसरी प्रत लिहून देई. तिला पैठ म्हणत. हुंडी आणि पैठ दोन्ही हजर झाल्या तर दोनदा पैसे मिळत नसत. तसेच येथे आहे. एकच चिठ्ठी दहा वाटांनी वहीपर्यंत पोहोचली, तरी नोंद एकदाच होते. म्हणून प्रती पुष्कळ काढाव्यात, त्यात धोका नाही.

असे कोणी म्हणेल की, ही सारी हौसेची खटपट झाली. याची गरज कोणाला आहे? गरज दोन प्रकारांनी उत्पन्न होते. पहिली संकटाची. १५ जानेवारी २०२२ रोजी पॅसिफिक महासागरात टोंगाजवळ समुद्रातील ज्वालामुखी फुटला आणि त्या देशाला जगाशी जोडणारी समुद्राखालची केबल तुटली. मुख्य बेटाचा केबलसंपर्क पूर्ववत व्हावयास सुमारे पाच आठवडे लागले. आणि आपण कृष्णाकाठच्या माणसांनी टोंगापर्यंत जावयाचे कारण नाही. २०१९ च्या ऑगस्टमधील महापूर आपल्या डोळ्यांपुढे आहे. वीज गेली की मोबाईल मुका होतो आणि मोबाईल मुका झाला की ज्याच्या खिशात नोटा आहेत तोच खरा श्रीमंत, हे तेव्हा पुष्कळांना कळून आले.

दुसरी गरज सुरक्षिततेची आहे, आणि ती रोजची आहे. जो संगणक इंटरनेटला जोडलेला आहे, त्यात चोर शिरू शकतो. म्हणून जाणकार लोक गुप्त किल्ली अशा एका छोट्या यंत्रात ठेवतात की, ज्याला इंटरनेटचे तोंड कधी दाखवलेलेच नसते. जोडलेल्या संगणकावर बिनसहीची चिठ्ठी तयार करावयाची. तिचा चौकोन पडद्यावर दाखवावयाचा. अलिप्त यंत्राने तो आपल्या कॅमेऱ्याने वाचावयाचा, सही करावयाची आणि सहीचा चौकोन आपल्या पडद्यावर दाखवावयाचा. चौकोनाऐवजी मेमरी कार्डानेही हे काम होते. अर्धवट सही झालेली चिठ्ठी एका यंत्राकडून दुसऱ्याकडे कशी न्यावी याचा सर्वांना लागू पडणारा एक नमुना २०१७ मध्ये सुचवला गेला आणि तो आज रुळला आहे. एका रकमेवर तीन भावांपैकी दोघांच्या सह्या हव्यात, अशीही सोय त्यात होते. एक भाऊ नागपुरास सही करील, दुसरा शिकागोस. चिठ्ठी मधल्या काळात कोणत्याही डब्यातून प्रवास करील.

वाहून नेण्याचे प्रयोगही झाले आहेत. ब्लॉकस्ट्रीम या कंपनीने ऑगस्ट २०१७ मध्ये भाड्याने घेतलेल्या उपग्रहांवरून बिटकॉइनची वही आकाशातून प्रसारित करावयास आरंभ केला आणि डिसेंबर २०१८ मध्ये ते प्रक्षेपण आशिया-पॅसिफिक भागासाठीही सुरू केले. घराच्या गच्चीवर छोटी तबकडी लावून, इंटरनेटवाचून वहीची नवी पाने उतरवून घेता येतील, अशी ती योजना. परंतु आकाशवाणी ऐकता येते, आकाशवाणीला उत्तर देता येत नाही, तसेच हे. उपग्रहावरून वही वाचता येते, तिच्यात आपली नोंद घालावयास दुसरी वाट लागते. अशी एक वाट फेब्रुवारी २०१९ मध्ये दोघा हौशी रेडिओवाल्यांनी करून दाखवली. कॅनडातील टोरांटोहून अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को परिसरात, हजारो किलोमीटरांवर, त्यांनी हॅम रेडिओच्या लघुलहरींवरून बिटकॉइन पाठवले. हे प्रात्यक्षिक होते, बाजार नव्हता. हौशी रेडिओच्या परवान्यात व्यापारी संदेशांना मज्जाव असतो, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. दक्षिण आफ्रिकेत २०२२ मध्ये माचांकुरा नावाची सेवा निघाली. तिच्यात साध्या बटनांच्या फोनवरून, आपण *९९# दाबून बँकेची शिल्लक पाहतो त्याच तऱ्हेने, बिटकॉइन देता-घेता येते. मात्र येथे एक भेद आहे. तेथे किल्ली ग्राहकाच्या हाती नसते. सेवा चालवणारा ग्राहकाच्या वतीने व्यवहार करतो. म्हणजे इंटरनेटची गरज गेली, पण सावकारावरील विश्वासाची गरज परत आली.

आता आपण मुख्य प्रश्नाकडे येऊ. चिठ्ठी कागदावर उतरते, पेटीत राहते, रेडिओवरून जाते, हे मान्य. मग ती चिठ्ठी म्हणजे पैसा झाला काय?

उदाहरण घेऊ. गुरांच्या बाजारात मी आपली गाय विकत घेतली. बाजारात मोबाईलला रेंज नाही. मी सही केलेली चिठ्ठी आपल्या हाती दिली आणि म्हणालो, “घरी गेल्यावर वहीत नोंदवा.” आपण हुशार आहात. आपण आपल्या यंत्रावर सही तपासली. ती अस्सल निघाली. आपण गाईचे दावे माझ्या हाती दिले. वाटेत मी दुसऱ्या गावी थांबलो आणि त्याच रकमेची दुसरी चिठ्ठी लिहून म्हैस घेतली. तीही सही अस्सल! ज्याची चिठ्ठी आधी वहीच्या पानावर चढेल त्याला पैसे मिळतील. दुसऱ्याच्या हाती अस्सल सहीचा निकामी कागद राहील. सही खरी आहे हे कागदावरून कळते. रक्कम शिल्लक आहे हे कागदावरून कळत नाही. ते फक्त वहीवरून कळते. माझ्या आजच्या बोलण्याचे सार या दोन वाक्यांत आहे.

चेक घेणाऱ्यालाही हीच धास्ती असते. परंतु चेक परत आला तर १८८१ च्या कायद्याचे १३८ वे कलम आहे, देणाऱ्याचे नाव आहे, बँकेचा पत्ता आहे. या चिठ्ठीवर नाव नसते, गाव नसते. असते ते अक्षरे आणि आकडे यांचे एक खाते. दाद मागावयाची कोणाकडे? मुळात वही निर्माण झाली तीच या रोगावर औषध म्हणून. एकच रक्कम दोघांना देण्याची लबाडी, मधे बँक न ठेवता, कशी रोखावी, हाच सातोशीच्या निबंधाचा विषय होता. उत्तर होते सर्वांची मिळून एक वही. म्हणजे वहीपासून चिठ्ठी जितका काळ दूर राहील, तितका काळ तो रोग परत उभा राहतो.

साठवून ठेवलेल्या चिठ्ठीला आणखी एक व्याधी आहे. वहीत नोंद करणाऱ्याला शुल्क द्यावे लागते आणि ते चिठ्ठीतच, सही करण्याच्या वेळी, ठरून जाते. आज पुरेसे वाटणारे शुल्क वर्षाने अपुरे पडू शकते. २० एप्रिल २०२४ च्या सुमारास हे शुल्क असे भडकले की, लहान रकमांचे व्यवहार करणेच परवडेना. अपुऱ्या शुल्काची चिठ्ठी दारात ताटकळत राहते. प्रचलित नियमाप्रमाणे सुमारे दोन आठवडे वाट पाहून संगणक ती विसरून जातात. मग ती पुन्हा पाठवावी लागते.

तर मग जाळ्याबाहेर ठेवलेल्या चिठ्ठीचा शहाणा उपयोग नाहीच काय? आहे. ‘लाइटनिंग’ नावाची एक पद्धत आहे; तिचा मसुदा २०१५ मध्ये पुढे आला. आपल्याला ती वाण्याच्या उधारीच्या वहीवरून समजेल. आपण आणि वाणी, दोघे मिळून एक रक्कम दोघांच्या सह्यांच्या कुलपात ठेवतो. एवढी नोंद मोठ्या वहीत होते. पुढे रोज मीठमिरची घेताना आपण दोघे हिशेबाची नवी चिठ्ठी लिहून सह्या करतो आणि आपापल्याजवळ ठेवतो. मोठ्या वहीकडे जातच नाही. शेवटी एकदा, अखेरची चिठ्ठी वहीत टाकून खाते मिटवतो. येथे रक्कम आधीच कुलपात असल्यामुळे तीच दुसऱ्याला देता येत नाही. आणि कोणी जुनी, आपल्या फायद्याची चिठ्ठी वहीत घुसवली, तर दुसऱ्याला ठराविक मुदतीत ती हाणून पाडून कुलपातील सगळी रक्कम दंड म्हणून घेता येते. मात्र ‘मुदतीत’ हा शब्द विसरू नये. जो महिनोन् महिने वहीकडे पाहतच नाही, त्याचा हक्क बुडू शकतो. येथेही वहीची पाठ सोडून चालत नाही.

आता त्या गृहस्थांच्या लिफाफ्याकडे परत जाऊ. ठिपक्यांचा चौकोन म्हणजे मुलाने सही करून ठेवलेली चिठ्ठी होती. तिच्यात त्याने मुदत घातली होती की, एक वर्ष होईपर्यंत ही वहीत चढू नये. आपली मुदती हुंडीच म्हणा ना! वर्षभरात तो सुखरूप असला तर ती रक्कम तो स्वतःच इकडची तिकडे करील आणि चिठ्ठी आपोआप रद्द होईल. नसला तर वडील ती चिठ्ठी वहीत टाकतील आणि रक्कम वडिलांच्या खात्यावर येईल. आणि ते बारा शब्द? ती वडिलांच्या त्या खात्याची गुप्त किल्ली होती, लक्षात राहावी म्हणून शब्दांत उतरवलेली.

म्हणजे चौकोन चोराने पाहिला असता तरी त्याला काही करता आले नसते; रक्कम वडिलांच्याच खात्यावर गेली असती. त्याच्या दहा प्रती काढून दहा ठिकाणी ठेवल्या असत्या तर उत्तम झाले असते. उलट ते बारा निरुपद्रवी शब्द ज्याच्या हाती लागतील तो त्या खात्याचा मालक. आणि त्यांच्या चार प्रती चार घरांत होत्या, व पाचवी कदाचित त्या यंत्राच्या पोटात राहिलेली. लेकीसुनांच्या सचोटीबद्दल मला शंका नाही. परंतु तो कागद कोणाच्या हाताखालून गेला, हे आता कोण सांगणार?

मी त्यांना मुलाला फोन करावयास सांगितले. मुलगा न रागावता हसला, हे त्याचे मोठेपण. त्याने त्या रात्री दोन कामे केली. जुनी रक्कम आपल्याच दुसऱ्या खात्यावर हलवली, आणि वडिलांसाठी नवी किल्ली व नवी चिठ्ठी केव्हा द्यावयाची ते ठरवले. म्हणजे लॉकरमधला तो चौकोन आजही तेथे आहे, त्यावरची सही आजही अस्सल आहे, आणि त्याची किंमत शून्य आहे. लॉकरचे भाडे मात्र चालू आहे! सही खरी आणि शिल्लक नाही, हे मी मघाशी गाईच्या गोष्टीत सांगितले. येथे ते प्रत्यक्ष घडले, सुदैवाने प्रामाणिकपणे.

आपल्या देशाच्या कायद्याविषयी एक शब्द. रिझर्व्ह बँकेने ६ एप्रिल २०१८ रोजी बँकांना अशा चलनाशी संबंध ठेवण्यास मनाई केली होती. ४ मार्च २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते परिपत्रक रद्द ठरवले. १ एप्रिल २०२२ पासून या व्यवहारांतील नफ्यावर ३० टक्के कर बसला. परंतु हे चलन देशाचे कायदेशीर चलन नाही. ते नाकारण्याचा प्रत्येकाला हक्क आहे. व्यवहार कागदावर केला किंवा रेडिओवरून पाठवला, म्हणून तो कायद्याच्या बाहेर जातो असे कोणी समजू नये. जाळ्याबाहेर म्हणजे कायद्याबाहेर नव्हे.

म्हणून, श्रोतेहो, कोणी आपल्यापुढे असा कागद धरून “हा ऑफलाइन पैसा आहे” असे म्हणाला, तर त्याला दोन प्रश्न विचारा. हा कागद किल्ली आहे की चिठ्ठी? किल्ली असेल, तर ती आणखी कोणी पाहिली आहे? आणि चिठ्ठी असेल, तर वहीत ती कधी चढणार? पहिल्याचे उत्तर “कोणीच नाही” असे आणि दुसऱ्याचे “आपल्या डोळ्यांदेखत” असे नसेल, तर गाईचे दावे सोडू नका.

यंत्रे नवी असतात, शहाणपण पुष्कळदा जुने असते. आपले आजोबा म्हणत, वचन कागदावर घ्यावे आणि पैसा हातात घ्यावा. नव्या काळात दोन्ही कागद सारखेच दिसू लागले आहेत, एवढाच फरक. त्या दोहोंतील भेद ओळखण्यासाठी गणित यावे लागत नाही. विचारण्याचा संकोच मात्र सोडावा लागतो. ते गृहस्थ आज पहिल्या रांगेत बसले आहेत आणि त्यांची हकीकत सांगण्याची परवानगी त्यांनीच मला दिली. ज्या माणसाने आपली चूक गावाच्या उपयोगी पडू दिली, त्याचे आभार मानले पाहिजेत.